आरशांची गोणी

माझ्या गॅरेजात फळीखाली एक गोणी आहे.
आधी सिमेंटची होती. आता तिच्यात आरसे आहेत.
डावे, उजवे, गोल, चौकोनी,
काहींवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा सोललेला नाही.

पोरं नवी गाडी आणतात, हार सुकायच्या आत.
"गुलाबमामा, आरसे काढा. लुक जातो."
मी काढतो. दहाचा पाना, दोन मिनिटं.
चहाचे पैसे देतात. आरसे मागत नाहीत.

धनकवडीच्या शेवटच्या थांब्यामागं अकरा वर्षं झाली.
मला अपघात कधी दिसला नाही,
अपघाताची गाडी दिसते.
फूटरेस्ट आत वळलं असेल तर घसरला.
हँडल टाकीला टेकलं असेल तर धडकला.
आणि मागचं मडगार्ड तेवढं चेपलं असेल,
बाकी गाडी अजून शोरूमसारखी,
तर मी गोणीकडं बघत नाही.

परवा वॉर्ड ऑफिसात सभा होती, रस्ता सुरक्षेची.
दारावर कागद: नागरिकांनी सूचना द्याव्यात. प्रत्येकी दोन मिनिटे.
खाली बारीक अक्षरात:
पूर्वी दिलेल्या सूचना पुन्हा देऊ नयेत.

माझ्या आधी खळदकर उठले.
हेल्मेटची सक्ती म्हणजे विचारी माणसाचा अपमान, म्हणाले.
टाळ्या पडल्या.
स्वतःचं हेल्मेट त्यांनी कोपरात अडकवून आणलं होतं.
कोपर अगदी शाबूत.

मग मी. हात रॉकेलनं धुतले होते तरी खिशात ठेवले.
म्हणालो, साहेब, पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात
थोडी वाळू मिसळा. भुरभुर पडली की त्याचा साबण होतो.
चार चाकांना कळत नाही. दोन चाकांना लगेच कळतं.
वळणावर ड्रेनेजचं झाकण नको.
गाडी कललेली असते तेव्हा रस्ता धरायला
टायरचा तळहाताएवढा तुकडा असतो, साहेब,
बाकी सगळा भरवसा.
गतिरोधक करा, पण आधी सांगा.
एका रात्रीत उगवतो, रंग नाही, पाटी नाही,
तो गती रोखत नाही, दबा धरून बसतो.
आणि लायसन्स देताना आठ काढायला लावता,
पुढं जन्मात कोण आठ काढतो?
ओल्या रस्त्यावर एकदा कचकन थांबायला लावा.
माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांचा मागचा ब्रेक झिजून पत्रा होतो,
पुढचा नवाकोरा. पुढचा दाबला की उलटतो म्हणे,
कुणीतरी काकानं सांगितलेलं असतं.

साहेब लिहून घेत होते,
का चित्र काढत होते, लांबून कळलं नाही.
घंटी वाजली.

सांगायला गेलो होतो ते राहूनच गेलं.

आंबेगाव पठारावरच्या कुंदाताई जगदाळे डबे करतात.
त्यांचा ओजस डबे पोचवायचा.
सोमवारी गाडी टेम्पोतून आली.
मागचं मडगार्ड.
ताई म्हणाल्या, बघा किती येतात.
गाडीभोवती एक फेरी मारली,
सीटवरची धूळ पदरानं पुसली,
मग विचारलं, सहज, भाव करावा तसं,
"आरसे नव्हते का हो हिला?"

होते, म्हणालो.
पुढं काही म्हणालो नाही.

त्या रात्री गोणी ओतली.
एकशे चाळीसपर्यंत मोजले, मग सोडलं.
बल्ब एकच होता, पण जमिनीवर केवढे दिवे,
आणि प्रत्येकात वाकलेला मी.

आता शटरवर खडूनं लिहिलंय:
आरसे फुकट लावून मिळतील.
काढून मिळणार नाहीत. वाद घालू नये.

काल एक पोरगा आला. हार ओला होता.
उभ्यानं वाचलं, हसला,
किक मारून समोरच्या गॅरेजात गेला.

दहाचा पाना त्याच्याकडंही आहे.